खरेदी विभाग 'स्ट्रॅटेजिक' करायचा म्हणजे नेमकं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मध्यम आकाराच्या एका उत्पादन कंपनीत विचारणाऱ्यांची नुकतीच खरेदी-प्रमुख म्हणून नेमणूक झाली आहे. हाताखाली नऊ माणसं आहेत. व्यवस्थापनाने सांगितलंय की परचेस आता स्ट्रॅटेजिक झालं पाहिजे, नुसती पीओ (परचेस ऑर्डर, म्हणजे खरेदीचा आदेश) काढणारी खिडकी नको. वर्षाचं उद्दिष्ट मात्र जुनंच आहे, गेल्या वर्षीच्या दरावर पाच टक्के बचत. बाकीचे विभाग अगदी शेवटच्या क्षणी मागणीपत्र टाकतात आणि उशिराचं खापर खरेदीवर फोडतात. सल्लागारांनी सगळी खरेदी एका छताखाली आणून नवीन सॉफ्टवेअर बसवायला सुचवलं आहे. सुरुवात कुठून करावी?

मी बावीस वर्षं खरेदीत आहे. त्यातली पहिली दहा वर्षं मी मन लावून चुकीच्या जागी मेहनत केली असं आज वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही विभाग कसा बदलायचा हे विचारलंय. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे. निर्णयाच्या कुठल्या टप्प्यावर तुम्ही आत येता, हा तो प्रश्न. मागणीपत्र तुमच्या टेबलावर येतं तेव्हा काय घ्यायचं, कुठल्या ग्रेडचं, किती, कधीपर्यंत, आणि बऱ्याचदा कुणाकडून, हे सगळं ठरून गेलेलं असतं. तुमच्यासाठी उरतो फक्त दर. त्या उरलेल्या तुकड्यावर तुम्ही कितीही घासाघीस केलीत तरी हाती दोन-तीन टक्क्यांच्या वर काही लागत नाही. तेही दरवर्षी कमी होत जातं, कारण समोरचा पुरवठादारही शहाणा होतो आणि पुढच्या वर्षीची सूट आधीच दरात चढवून ठेवतो. खर्चाचा मोठा भाग ड्रॉइंगवर, स्पेसिफिकेशनमध्ये आणि उत्पादनाच्या वेळापत्रकात ठरतो. तिथे खरेदीचा माणूस नसेल, तर विभागाचं नाव बदलून काही होणार नाही.

पुढे जाण्याआधी एक मान्य करतो. यातलं बरंच परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमच्या विक्रीतला किती हिस्सा बाहेरच्या खरेदीवर जातो? उत्पादन कंपनीत तो निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त असणं नेहमीचं आहे. सेवा देणाऱ्या कंपनीत पुष्कळ कमी असू शकतो. तुम्ही पुरवठादाराचे मोठे ग्राहक आहात की त्याच्या यादीत तळाशी? औषध किंवा विमान उद्योगासारखं क्षेत्र असेल तर पुरवठादार बदलायला मंजुरीच्या फेऱ्या लागतात, घाई करून चालत नाही. सरकारी निविदेचे नियम लागू असतील तर माझे काही उपाय तुम्हाला जसेच्या तसे वापरता येणार नाहीत. मी लिहितोय ते खाजगी उत्पादन कंपनी डोळ्यांसमोर ठेवून.

आता व्यवस्थापनाला पटेल असं गणित. समजा विक्री १००, बाहेरची खरेदी ५५ आणि नफा ६ आहे. खरेदीत खरोखर तीन टक्के वाचले, तर १.६५ थेट नफ्यात पडतात आणि नफा सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो. सल्लागार इथेच पुढची स्लाइड लावतात: "एवढाच नफा विक्रीतून मिळवायचा तर विक्री २७ टक्के वाढवावी लागेल." ही स्लाइड तुम्ही वापरू नका. विक्री वाढली म्हणून इमारतीचं भाडं किंवा पगार त्याच प्रमाणात वाढत नाहीत. प्रत्येक १०० च्या विक्रीवर बदलते खर्च जाऊन ३० उरत असतील, तर १.६५ साठी साडेपाच टक्के जास्त विक्री पुरते. हा आकडासुद्धा काही लहान नाही. बाजार थंड असताना साडेपाच टक्के विक्री वाढवणं किती अवघड असतं हे विक्रीवाल्यांना चांगलं ठाऊक असतं. पण फुगवलेला आकडा दाखवलात, तर फायनान्सचा माणूस पहिल्याच बैठकीत तुमच्यावरचा विश्वास गमावेल, आणि या सगळ्या कामात तुम्हाला सर्वांत जास्त गरज त्याचीच लागणार आहे.

मी शिकलो ते पुठ्ठ्याच्या खोक्यांवरून. एका कंपनीत आम्ही दरवर्षी खोक्यांसाठी चार-पाच कोटेशनं मागवायचो, एल-वनशी (सर्वांत कमी दर देणाऱ्याशी) बसायचो, आणखी दीड-दोन टक्के काढायचो आणि खूश व्हायचो. एका वर्षी माल वेळेत मिळेना म्हणून मी पुरवठादाराच्या कारखान्यात गेलो. तिथे कळलं की आमची खोकी १२६ प्रकारची आहेत आणि दर थोड्या वेळाने मशीन थांबवून सेटिंग बदलावं लागतं. परत येऊन डिझाइन, पॅकिंग आणि डिस्पॅच अशा तिघांना एका टेबलाशी बसवलं. कितीतरी खोक्यांत फक्त काही मिलिमीटरचा फरक होता. काहींना जाड पुठ्ठा होता, कारण एके काळी तो माल लांबच्या समुद्री प्रवासाला जायचा. ती निर्यात बंद होऊन बरीच वर्षं झाली होती, पण स्पेसिफिकेशन कुणी बदललं नव्हतं. आठ महिन्यांत १२६ चे ४१ प्रकार झाले. आधीच्या कित्येक वर्षांच्या घासाघिशीतून जे मिळालं नव्हतं ते त्या एका कामातून मिळालं, आणि पुरवठादाराचाही खर्च उतरला. त्याच्या खिशातून काहीच काढून घेतलं नव्हतं. दोघांच्याही गल्ल्यातून गळणारा पैसा थांबला होता.

मी मूल्य म्हणतो ते हे. दर कमी होणं हा त्याचा एक प्रकार झाला. नको असलेली गोष्ट विकत न घेणं, गरजेपेक्षा जास्त कडक टॉलरन्स (मापात चालणारी तफावत) सैल करणं, दोन भागांऐवजी एक बाजारात सहज मिळणारा भाग बसवणं, इन्व्हेंटरी घटवणं, नवीन उत्पादन महिनाभर लवकर बाजारात आणणं, आणि संकटात कारखाना चालू ठेवणं, हे सगळं त्यातच येतं.

सुरुवात कुठून, याचं माझं उत्तर: सगळीकडून नको. गेल्या दोन वर्षांचा खर्च काढा आणि तो पीओच्या क्रमाने न लावता वस्तूंच्या गटांप्रमाणे लावा. हे काम कंटाळवाणं आहे. एकच बेअरिंग तीन कोडखाली असतं, एकच पुरवठादार चार नावांनी नोंदलेला असतो. पण ते स्वतःच्याच माणसांकडून करून घ्या, कारण या साफसफाईतच त्यांना पहिले धक्के बसतात. मग प्रत्येक गटाला दोन प्रश्न विचारा. आपल्या नफ्यावर याचा परिणाम किती? आणि हे मिळेनासं झालं तर अडचण किती मोठी? ही चार कोपऱ्यांची मांडणी व्यवस्थापन सल्लागार पीटर क्राल्जिक यांनी १९८३ मध्ये मांडली आणि आजही खरेदीचं शिक्षण तिच्यापासून सुरू होतं. परिणाम मोठा पण पुरवठादार भरपूर, असा गट असेल तर तिथे स्पर्धा लावा, लिलाव करा (पुरवठादार एकमेकांपेक्षा कमी दर लावतात तो), खुशाल ताणा. परिणाम लहान आणि धोकाही लहान असेल तर वेळ घालवू नका. रेट कॉन्ट्रॅक्ट (ठरावीक मुदतीसाठी दर बांधणारा करार) करून वापरणाऱ्यांना थेट मागवू द्या. परिणाम मोठा आणि धोकाही मोठा, तिथे भागीदारी लागते, वर्षानुवर्षांची.

चौथ्या कोपऱ्यावर, म्हणजे परिणाम लहान पण धोका मोठा अशा गटावर, मी जरा थांबतो, कारण तिथेच लोक फसतात. वस्तू स्वस्त, वर्षाची खरेदी नगण्य, पण देणारा एकच. खर्चाच्या यादीत ती तळाशी असते म्हणून तिच्याकडे कुणी बघत नाही. एखादं खास सील, एखादा रंगाचा घटक, एखादी छोटी चिप. अशा वस्तूचा दर कमी करण्याच्या नादाला लागणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. तिथे काम एवढंच की दुसरा स्रोत तयार ठेवायचा, किंवा डिझाइन बदलून त्या वस्तूची गरजच काढायची, किंवा थोडा जास्त साठा ठेवायचा आणि त्याचा खर्च विम्याचा हप्ता समजायचा.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण मार्च २००० चं आहे. अमेरिकेतल्या अल्बुकर्की इथल्या फिलिप्सच्या चिप कारखान्यात वीज पडून आग लागली. ती काही मिनिटांतच विझली, पण धूर आणि पाणी क्लीनरूममध्ये (जिथे धुळीचा कणही चालत नाही त्या खोलीत) शिरल्यामुळे तयार होत असलेला माल वाया गेला आणि उत्पादन लांबलं. मोबाइल फोन बनवणारे नोकिया आणि एरिक्सन हे दोघेही तिथले मोठे ग्राहक. नोकियाच्या लोकांनी येणाऱ्या मालातली तफावत लगेच टिपली, रोज पाठपुरावा सुरू केला, फिलिप्सच्या इतर कारखान्यांमधली क्षमता मिळवण्यासाठी वरच्या पातळीवरून दबाव आणला आणि काही चिप दुसऱ्यांकडून बनवून घेण्यासाठी डिझाइनमध्ये बदल केले. एरिक्सनमध्ये बातमी वरपर्यंत पोहोचायलाच उशीर झाला. शिवाय त्यांनी आधी खर्च कमी करताना पर्यायी पुरवठादार काढून टाकले होते. त्यांचं नुकसान ४० कोटी डॉलरच्या घरात गेलं आणि २००१ मध्ये त्यांचा मोबाइल हँडसेटचा व्यवसाय सोनीबरोबरच्या संयुक्त कंपनीत गेला. ती आग हे त्यामागचं एकमेव कारण नव्हतं, पण माझ्या डोक्यात एक प्रश्न कायम राहतो: पर्यायी पुरवठादार काढले त्या वर्षी एरिक्सनच्या खरेदी विभागाच्या अहवालात ती 'बचत' म्हणूनच नोंदली गेली असेल ना?

इथून आपण तुमच्या पाच टक्क्यांवर येतो. मोजमाप बदलल्याशिवाय बाकी काही बदलणार नाही असं माझं ठाम मत आहे. माझ्याच हातून झालेली एक चूक सांगतो. पंपांच्या सीलसाठी आम्ही पुरवठादार बदलला आणि १२ टक्के वाचवले. अहवालात आकडा गेला, कौतुक झालं. नवीन सील जुन्याच्या निम्मा काळही टिकेना. पंप उघडायला लागणारे तास, थांबलेली लाइन, वाया गेलेला माल, हे सगळं मेंटेनन्सच्या आणि उत्पादनाच्या खात्यात नोंदलं जात होतं. आमच्या कागदावर बचत, त्यांच्या कागदावर तोटा, आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून बघणारं कुणी नव्हतं. मेंटेनन्सच्या एका फोरमनने मला हाताला धरून पंपापाशी नेलं तेव्हा ते लक्षात आलं. तेव्हापासून विकत घेण्याच्या दराबरोबर आणण्याचा, बसवण्याचा, चालवण्याचा, बिघाडाचा आणि शेवटी विल्हेवाटीचा खर्च जोडल्याशिवाय मी कुठलीही तुलना मान्य करत नाही.

'गेल्या वर्षीच्या दरावर' मोजण्यात आणखी एक फसगत आहे. समजा एखाद्या भागाच्या दरात पोलादाचा वाटा ६० टक्के आहे आणि पोलाद १० टक्क्यांनी उतरलं. बाकी काही बदललं नाही तर भागाचा दर आपोआप सहा टक्के उतरायला हवा. तुम्ही चार टक्के मिळवलेत तर अहवालात चार टक्के बचत दिसते, खरं तर तुम्ही दोन टक्के गमावलेले असतात. उलट, पोलाद १० टक्के चढलेलं असताना दर तीनच टक्के वाढू दिला असेल, तर ते उत्तम काम आहे, पण अहवालात ते अपयश दिसतं. म्हणून मोठ्या गटांत कच्च्या मालाच्या निर्देशांकाशी जोडलेलं सूत्र करारातच घाला. बाजाराची चढउतार सूत्र बघून घेईल. तुमच्या माणसांचं डोकं उरलेल्या ४० टक्क्यांवर, म्हणजे मजुरी, सायकल टाइम (एक नग बनायला लागणारा वेळ), रिजेक्शन आणि वाहतूक यांवर चालू द्या.

आणि बचत जाहीर करण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवू नका. काम सुरू होण्याआधी आधारभूत आकडा काय धरायचा हे फायनान्सच्या सहीने ठरवा. नंतर बचत झाली की नाही हेही त्यांनाच सांगू द्या. प्रत्यक्ष खर्च कमी झाला, होऊ घातलेली वाढ टळली, आणि खेळतं भांडवल मोकळं झालं, हे तीन आकडे वेगवेगळे दाखवा, एकत्र बेरीज करू नका. पहिल्या वर्षी तुमचा आकडा पूर्वीपेक्षा लहान दिसेल. दिसू द्या. तो कंपनीच्या हिशेबात सापडेल असा असेल, आणि मला तेवढं पुरे वाटतं.

भांडवलावरून आठवलं. पैसे द्यायची मुदत ४५ दिवसांवरून ९० वर नेण्याचा मोह प्रत्येक कंपनीला होतो. समजा तुम्हाला कर्ज ९ टक्क्यांनी मिळतं आणि तुमच्या लहान पुरवठादाराला १४ टक्क्यांनी. जास्तीच्या ४५ दिवसांत तुमचे सुमारे १.१ टक्के वाचतात आणि त्याचे सुमारे १.७ टक्के जातात. साखळीचा एकूण खर्च वाढला, आणि तो फरक आज ना उद्या दरात किंवा दर्जात तुमच्याकडेच परत येतो. तुमचं भांडवल स्वस्त असेल तर लवकर पैसे देऊन दरात सूट घेणं दोघांनाही परवडतं.

पुरवठादारांबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण इथे आपल्या पेशात बराच उर्मटपणा आहे. मोठ्या पुरवठादारांना वर्षातून एकदा बोलवा आणि दराचा विषय बाजूला ठेवून एकच प्रश्न विचारा: आमच्यामुळे तुमचा खर्च कुठे वाढतो? पहिल्यांदा ते बिचकतात. मग सांगतात. आठवड्याच्या मध्यात ऑर्डर बदलते. गाडी गेटवर पाच तास उभी राहते. जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) आणि बिलात किरकोळ फरक पडला की पैसे दोन महिने अडकतात. ड्रॉइंगवरचा एक टॉलरन्स असा आहे की त्यासाठी वेगळं ग्राइंडिंग करावं लागतं, आणि तो कशासाठी आहे हे तुमच्याकडे कुणालाच माहीत नाही. यातली प्रत्येक गोष्ट तुमच्याच दरात बसलेली आहे. १९९० च्या दशकात क्रायस्लर या अमेरिकी मोटार कंपनीने पुरवठादारांकडून अशा सूचना पद्धतशीरपणे मागवल्या आणि त्यातून झालेल्या बचतीतला अर्धा वाटा पुरवठादाराला ठेवता येत असे. तो अर्धा वाटा महत्त्वाचा आहे. सगळी बचत तुम्हीच घेतलीत तर पुढच्या वर्षी सूचना येत नाहीत.

विश्वासाची किंमत संकटात कळते. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये टोयोटाला सुटे भाग देणाऱ्या ऐसिनच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथेच बनत होता आणि टोयोटाकडे साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे कारखाने थांबले. मग कितीतरी पुरवठादारांनी मिळून, त्यात शिलाई यंत्रं बनवणारी ब्रदर ही कंपनीसुद्धा होती, तो व्हॉल्व्ह स्वतःकडच्या यंत्रांवर बनवायला घेतला. दराची आणि भरपाईची बोलणी नंतरसाठी ठेवली. काही दिवसांतच गाड्या पुन्हा बाहेर पडू लागल्या. एकाच स्रोतावर विसंबणं ही चूकच होती, ते मी झाकत नाही. पण ज्यांना वर्षानुवर्षं नुसतं पिळलंय ते पुरवठादार असे धावून येत नाहीत. मी स्वतः उलटा अनुभव घेतला आहे. टंचाईच्या काळात आमच्या पुरवठादाराने असलेला माल आधी दुसऱ्या ग्राहकाला दिला, आणि फोनवर शांतपणे कारण सांगितलं: "साहेब, मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडून आम्हाला फक्त लिलावाची तारीख कळवली जाते."

आता सॉफ्टवेअर आणि एक छत. दोन्हींना माझा विरोध नाही, क्रमाला आहे. अस्वच्छ कोड आणि चुकीची मोजमापं घेऊन सॉफ्टवेअर बसवलंत, तर तोच गोंधळ वेगाने चालतो. आणि सगळी खरेदी मुख्यालयात ओढलीत, तर कारखान्यातली माणसं आडवाटा शोधतात. तातडीच्या नावाखाली पीओशिवाय माल येऊ लागतो. माझ्या अनुभवात चालतं ते असं: करार आणि पुरवठादाराची निवड गटाप्रमाणे एका ठिकाणी, रोजची मागणी जिथल्या तिथे. स्टेशनरी आणि हातमोज्यांसारख्या किरकोळ वस्तूंसाठी मात्र सोपी कॅटलॉग पद्धत लवकर बसवा, कारण त्यातून तुमच्या नऊ जणांचा वेळ सुटतो, आणि सध्या तुमच्याकडे सर्वांत दुर्मीळ गोष्ट तीच आहे.

त्या नऊ जणांपैकी दोघांना रोजच्या पीओतून पूर्ण बाहेर काढा. अर्धवेळ नको, पूर्ण. एकाला एक गट द्या, दुसऱ्याला दुसरा, आणि त्यांची खुर्ची आठवड्यातले दोन दिवस डिझाइन विभागात किंवा कारखान्यात ठेवा. ज्याला ड्रॉइंग वाचता येतं आणि कारखान्यात प्रश्न विचारायला संकोच वाटत नाही असा माणूस निवडा. घासाघिशीत पटाईत असलेला माणूस इथे बऱ्याचदा चालत नाही. पहिले काही महिने डिझाइनवाले त्यांना पाहुणा समजतील. 'या दोन ग्रेडपैकी एक चौदा आठवडे मिळणार नाही' ही माहिती त्यांनी वेळेवर दिली की पुढच्या बैठकीचं बोलावणं आपोआप येतं. हे बोलावणं परिपत्रक काढून मिळवायचा प्रयत्न मी दोनदा केला आहे. दोन्ही वेळा लोक बैठकीला आले, पण निर्णय आधीच झालेले होते.

राहिलं व्यवस्थापनाशी बोलणं. पाच टक्क्यांचं उद्दिष्ट पहिल्या दिवशी नाकारू नका, तेवढं तुमचं वजन अजून तयार झालेलं नाही. ते बाकीच्या सगळ्या गटांसाठी स्वीकारा आणि फक्त दोन गटांसाठी वेगळी मुभा मागा: बारा महिने, एकूण खर्चावर मोजमाप, आधारभूत आकडा फायनान्सचा. गट निवडताना सर्वांत मोठा घेऊ नका. जिथे वापरणाऱ्या विभागाचा प्रमुख स्वतः त्रासलेला आहे तो घ्या, मग पॅकिंग असो, वाहतूक असो किंवा टूलिंग. त्याचा त्रास कमी झाला, तर वर्षअखेरीच्या बैठकीत तुमच्या वतीने तोच बोलेल. त्या बैठकीला जाताना त्यालाच बरोबर न्या आणि आकडे फायनान्सच्या माणसाला मांडू द्या. तिसरा गट कुठला घ्यायचा हे तोवर दुसऱ्याच एखाद्या विभागाने तुम्हाला येऊन सांगितलेलं असेल.